जुनी बोट मोडायला दिली: हर्णै-आंजर्ले भागातल्या बोट तोडणीवाल्यांचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून पुढे जावं. गाळातून बोट बाहेर काढणे पाचपैकी पाच. तोडणी चार. मागची साफसफाई दोन. कागदपत्रात मदत शून्य, म्हणजे खरंच शून्य. आणि फायबरची होडी असेल तर तो वेगळाच विषय, त्यावर खाली लिहिलंय.

बोट माझ्या मामांची. दापोलीजवळच्या पाजपंढरीला राहतात, हर्णै बंदरावर सगळं आयुष्य गेलं. लाकडी ट्रॉलर, मध्यम साइजची, नंतर कधीतरी बाहेरून फायबरचा थर मारून घेतलेली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ती आंजर्ल्याच्या खाडीत होती, कारण पावसाळ्यात आणि वादळात हर्णैच्या बोटी आसऱ्याला तिथेच नेतात, हर्णैला उघडा समुद्र आहे. त्या दिवशी दोर तुटले, दुसऱ्या दोन बोटींवर जाऊन आपटली, एका बाजूच्या फळ्या सुटल्या आणि अडखळच्या बाजूला उथळात बसली ती बसलीच. मामांनी दुरुस्तीचा हिशोब काढून पाहिला, नवीन लाकूड, सुतार, इंजिनाचं काम, सगळं धरून तो आकडा जिथे गेला तिथे मामी म्हणाली की आता पुरे. मग बोट तिथेच. दरवर्षी गाळ चढत गेला, मागच्या बाजूला तिवराची (कांदळवनाची) रोपं उगवली, एका पावसाळ्यात पंखा (बोटीला पुढे ढकलणारा, पाण्याखालचा) कुणीतरी रातोरात काढून नेला (पितळेचा होता, बेवारस बोटीवरचा पहिला चोर नेहमी पंख्यालाच येतो), आणि शेवटी मच्छीमार सोसायटीतल्या लोकांनीच मामांना सांगितलं की नाखवा (म्हणजे बोटीचे मालक), काहीतरी करा, १ जूनला मासेमारीची बंदी लागली की बोटी लावायला जागा पुरत नाही आणि तुमची बोट मधे आडवी आहे, अंधारात कोण आपटला तर तुमच्या अंगाशी येईल.

आता ज्यांना वाटतं की जुनी बोट म्हणजे काय, द्या सोडून, कुजेल आपोआप, त्यांनी रत्नागिरीच्या मिऱ्याचं बघावं. त्याच निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं मोठं जहाज तिथे येऊन बंधाऱ्याला लागलं आणि वर्षानुवर्षं तिथेच होतं, लोकं सेल्फी काढायला जायची. ते जहाज आहे, त्याच्यामागे मालक, कोर्ट, कस्टम वगैरे असतं. लहान बोटीच्या मागे कुणीच नसतं. आणि लाकूड कुजतं हे खरं, पण इंजिनातलं ऑइल, टाकीतलं उरलेलं डिझेल, बॅटरीतलं शिसं, बर्फाच्या खणातला थर्माकोल ह्यातलं काही कुजत नाही, ते सगळं हळूहळू खाडीतच जातं. त्याच खाडीत बायका कालवं आणि शिंपल्या काढायला उतरतात.

तर शोधाशोध सुरू केली. बोट मोडून देणारी कंपनी असा बोर्ड लावलेला माणूस आपल्याकडे सहसा भेटत नाही हे आधी समजून घ्या. मुंबईत दारूखान्याला जहाजं तोडतात, तिकडे गुजरातला अलंग आहे, पण ते लोक आपल्या मच्छीमारी बोटीसाठी दापोलीला कशाला येतील. आपल्याकडे हे काम करतात ते भंगारवाले, ज्यांच्याकडे गॅस कटर आहे, चार-सहा माणसांची टोळी आहे आणि जेसीबीवाल्याशी ओळख आहे असे. नावं-नंबर मी इथे टाकत नाही, बंदरावर लिलावाच्या वेळी कुणालाही विचारलं की बोट कोण तोडतो तर दोन-तीन नावं लगेच मिळतात.

पहिल्याने फोटो व्हॉट्सॲपवर बघूनच सांगितलं की फुकट उचलतो, वर काही देणार नाय. दुसरा म्हणाला तुम्हीच ४०,००० द्या, गाळातून काढायचा खर्च आहे. तिसरा, ज्याला काम दिलं तो, म्हणाला बघितल्याशिवाय बोलणार नाही. मला हीच गोष्ट आवडली. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आला, चप्पल काढून पँट वर दुमडून गुडघाभर चिखलात उतरला, पूर्ण बोटीला एक फेरी मारली, हातातल्या लोखंडी सळईने फळ्या जागोजागी टोचून पाहिल्या. जिथे सळई लोण्यासारखी आत गेली तिथे नुसती मान हलवायचा, जिथे टण्ण वाजली तिथे थांबून वर बघायचा. मग आत उतरून इंजिन बघितलं. लेलँडचं होतं, आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉलरवर ट्रकचंच इंजिन बसवलेलं असतं तसं. पण इतकी वर्षं भरतीचं पाणी आत-बाहेर करत असल्यामुळे पूर्ण जाम झालेलं. तो म्हणाला, "नाखवा, हे चालू असतं ना तर गोष्ट वेगळी होती, आता हे फक्त बीड आहे, वजनावर जाणार." (बीड म्हणजे ओतीव लोखंड.) आणि मग १५,००० देतो, काढणं-तोडणं-नेणं सगळं माझं, असा उक्ता सौदा ठरला.

मामा जरा नाराज होते. ज्या बोटीवर लाखो रुपये घातले तिचे १५,०००. पण मी नंतर बसून हिशोब लावला तर त्याचा रेट काही लुटारू नव्हता. त्याला सुटतं काय, तर इंजिन-गिअरबॉक्सचं बीड, विंच, नांगर, शाफ्ट, वायररोप, थोडी पितळ, आणि चांगलं निघालं तर लाकूड. त्यातून मजुरी, जेसीबी, गॅस, टेम्पो वजा करा. लोखंडाचा भाव रोज बदलतो. खरं सांगायचं तर बोट वादळानंतर लगेच विकली असती तर एकट्या इंजिनाचेच ह्याच्या कितीतरी पट आले असते. म्हणून ज्यांच्या बोटी अशा पडून आहेत त्यांना माझं सांगणं हेच की इंजिन चालू स्थितीत असेल तर ते आधी वेगळं विका, दुसरा नाखवा घेतो, मग सांगाडा भंगारवाल्याला द्या. एकत्र दिलंत तर इंजिन पण भंगाराच्या भावात जातं. पंखा काढून घरी आणून ठेवा हे वेगळं सांगायला नको.

आता काढण्याचं काम, जे खरंच बघण्यासारखं होतं. मला वाटलेलं क्रेन येईल आणि उचलेल. पण हायड्रा (चाकांवरची क्रेन) तिथपर्यंत येऊच शकत नाही, गाळात हायड्राच रुतेल आणि मग हायड्रा काढायला दुसरा हायड्रा. जेसीबी आणायला रस्ता करायचा तर मधे कांदळवन. आमच्या एका शेजाऱ्याने शहाणपणा सांगितला की दोन-चार तिवरं तोडली की सरळ वाट होते. ठेकेदार चक्क हात जोडून नाही म्हणाला. त्याचं बरोबर होतं, कांदळवन तोडणं गुन्हा आहे, हायकोर्टाचे आदेश आहेत, आणि २०१२ पासून वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्षच आहे. पंधरा हजाराच्या बोटीसाठी कोण केस घेणार अंगावर. बोटीच्या मागे उगवलेली रोपं पण त्याने तोडली नाहीत, बोट पुढच्या बाजूने ओढायचं ठरवलं.

मग उरलं पाणी. भरतीनेच आणली, भरतीनेच न्यायची. त्यासाठी उधाण पाहिजे, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती, भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या भरतीला पाणी तेवढं चढत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुन्या लोकांचा हिशोब असा की तिथीला पाऊणाने गुणा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकरा-साडेअकराला भरती पूर्ण. मोबाइलवर ॲप आहेत आता, पण ह्या माणसाने ॲप उघडलंच नाही, कॅलेंडर बघून माघी पौर्णिमा सांगितली आणि तारीख ठरली.

आदल्या दिवसांत सुकतीला त्यांनी तयारी केली. पहिलं काम म्हणजे टाकीतलं डिझेल आणि इंजिनातलं ऑइल कॅनमध्ये काढून घेतलं, तळाला जे काळं तेलकट पाणी साचलेलं ते पण पिंपात भरलं. मला वाटलं नव्हतं हे इतकं व्यवस्थित करतील. (डिझेल आणि ऑइल ते स्वतःच कुठेतरी विकतात, त्यामुळे पर्यावरणप्रेम वगैरे फार मनावर घेऊ नका, पण खाडीत गेलं नाही हे महत्त्वाचं.) बॅटऱ्या बाहेर काढल्या. सुटलेल्या फळ्यांच्या फटीत कापूस आणि ग्रीस कोंबलं, वरून ताडपत्री मारून पट्ट्या ठोकल्या. पंपाच्या पाइपने बोटीच्या कडेचा गाळ पाण्याचा फवारा मारून मारून मोकळा केला, कारण म्हणे वजनापेक्षा गाळाची पकड जास्त असते, ती सुटली नाही तर कितीही ओढा, दोर तुटेल पण बोट हलणार नाही.

आणि मग पिंपं. निळी प्लास्टिकची २०० लिटरची रिकामी पिंपं, झाकणं घट्ट लावून, दोन्ही बाजूंनी अगदी खाली, गाळाला टेकतील अशी बांधली. एक पिंप पाण्याखाली गेलं की पावणेदोनशे किलोच्या आसपास वर ढकलतं, असं वीसेक पिंपांचं धरलं तर साडेतीन टन. हा हिशोब त्याने मला बोटांवर करून दाखवला, शाळा सातवीपर्यंत.

पौर्णिमेला पहाटेच्या सुकतीला शेवटचे दोर आवळले आणि मग नुसतं बसून राहायचं. पाणी यायला लागलं. पिंपं हलायला लागली, एकमेकांवर घासून कुरकुर वाजायला लागली. दहाच्या सुमारास पाणी चांगलं वर आलं तरी बोट जागची हलेना, पुढून एक छोटी इंजिनवाली होडी दोर लावून उभी होती तिचा तांडेल (होडी चालवणारा) ओरडतोय की ओढू का, ठेकेदार म्हणतोय थांब. दोन पोरं डेकवर चढली आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पळायला लागली, इकडून तिकडे, इकडून तिकडे, बोट डोलवायला. आणि मग एकदम खालून मोठा बुडबुडा आला, सडक्या अंड्यासारखा वास सुटला, आणि अख्खी बोट हातभर वर आली. मामा धक्क्यावर उभे होते, ते काही बोलले नाहीत पण त्यांनी टोपी काढून परत घातली. भरती उतरायच्या आत बोट धक्क्याजवळच्या कडक जागेवर नेऊन टेकवली. तिथून पुढे जेसीबीने, खाली ओंडके टाकून वर ओढली.

ह्या कामाला पाचपैकी पाच दिले ते ह्यामुळे. मुंबईतला कुणी इंजिनिअर आणला असता तर मोठी यंत्रं सांगितली असती.

तोडायच्या आधी मामांनी नारळ फोडला. त्या टोळीतली पोरं वेगवेगळ्या धर्माची, यूपी-बिहारची पण दोघं होती, पण सगळे पाच मिनिटं काम थांबवून बाजूला उभे राहिले, ठेकेदाराने आधीच सांगून ठेवलेलं. ह्याचे मार्क वेगळे द्यायला पाहिजेत. मामांनी होकायंत्र आणि सुकाणूचं चाक काढून घेतलं, ते सौद्यात नव्हतं पण ठेकेदाराने हू की चू केलं नाही. त्या चाकाला मुरुडच्या एका रिसॉर्टवाल्याने लगेच किंमत विचारली, मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत चाकाचं नाव काढेना.

तोडणीबद्दल. लोखंडकाम गॅस कटरने, लाकूड पहारीने आणि घणाने. डिझेल टाकी कापायच्या आधी त्यांनी ती पाण्याने काठोकाठ भरली, हे मी मुद्दाम लिहितोय कारण रिकाम्या टाकीत वाफ असते आणि कटरची ठिणगी पडली तर ती बॉम्बसारखी फुटते, अशा अपघातात माणसं गेलेली आहेत. तुम्ही कुणालाही काम द्या, टाकी कशी कापणार हा प्रश्न आधी विचारा, उत्तर नीट आलं नाही तर दुसरा बघा. बाकी सुरक्षेच्या नावाने बोंब. हेल्मेट नाही, पायात स्लिपर, एकाच्या हातात ग्लोव्ज होते ते पण एकाच हातात. फायबरचा थर ग्राइंडरने कापताना जी पांढरी धूळ उडते ती काचेची असते, अंगाला खाज सुटते आणि फुप्फुसात गेली तर वाईट, तर ही पोरं तोंडाला गमछा बांधून करत होती. मी दापोलीहून मास्क आणून दिले, दुपारपर्यंत सगळ्यांच्या हनुवटीवर. पाणी मारत मारत कापा म्हटलं तर ते मात्र ऐकलं, धूळ बरीच कमी झाली. एक मार्क इथे कापला.

लाकडाचं गणित लोकांना माहीत नसतं. बोटीतला साग म्हणजे सोनं असं सगळ्यांना वाटतं. पण त्या लाकडात पावलोपावली खिळे असतात, आरागिरणीवाला ते घेत नाही कारण एक खिळा लागला तरी आऱ्याचं पातं जातं. म्हणून खिळे उपटायला वेगळी मजुरी. पाण्याखालच्या भागाला किडीने अशी भोकं पाडलेली की फळी बाहेरून सरळ आणि आतून पोकळ. शेवटी चांगलं निघालं ते डेकचं आणि वरच्या फळ्यांचं, आणि वाकड्या लाकडांपैकी काही, ते एका फर्निचरवाल्याने नेलं, जुन्या बोटीच्या लाकडाची टेबलं करायची सध्या फॅशन आहे. बाकीचं जळणाला. ह्यात माझा एक आक्षेप आहे, रंग लागलेलं लाकूड जळणाला देऊ नये, बोटीच्या तळाच्या रंगात शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी माल असतो, त्या धुरावर पाव भाजला तर तो कोण खाणार. मी हे बोललो, तो म्हणाला रंगाचं वेगळं काढतो. काढलं का? अर्धं काढलं.

आता थर्माकोल. बर्फाचा खण म्हणजे ट्रॉलरच्या पोटात मासे ठेवायची जागा, तिच्या भिंतीत थर्माकोल भरलेला असतो आणि वर फायबर. ते फोडलं आणि वारा सुटला. एका तासात धक्क्यापासून पुढे कांदळवनाच्या मुळांपर्यंत पांढरे पांढरे दाणे, पाण्यावर तरंगतायत, चिखलाला चिकटलेत, बगळे त्यात चोची घालतायत. ह्याचा काही बंदोबस्त त्यांच्याकडे नव्हता. जुनं जाळं चारी बाजूंनी बांधलं असतं, किंवा थर्माकोल ओला करून अख्खे तुकडे गोणीत भरले असते तर निम्मा त्रास वाचला असता. मी आणि मामाचा मुलगा खराटा आणि गोण्या घेऊन जमेल तेवढं गोळा केलं, ठेकेदाराने दोन पोरं दिली पण ती मनातून नव्हती. जे पाण्यात गेलं ते गेलं. साफसफाईला दोन मार्क दिले ते पण ऑइल नीट काढलं म्हणून, नाहीतर एक. काम देताना आधीच ठरवा की खण फोडायचा तो वारा नसताना, सकाळी, आणि जाळं लावून. आणि ठेकेदाराला पैसे देणार असाल तर शेवटचे पैसे जागा साफ झाल्यावरच द्यायचे. आमच्याकडे उलटं होतं, तो आम्हाला पैसे देणार होता त्यामुळे आमच्या हातात धरायला काहीच नव्हतं. हे डोक्यात ठेवा, पैसे घेणाऱ्यापेक्षा पैसे देणाऱ्या ठेकेदाराला साफसफाईला लावणं कठीण.

फायबरची होडी. मामांकडे छोटी फायबरची होडी पण होती, तळाला चीर गेलेली, मशीन विकून टाकलेलं. म्हटलं हिला पण घेऊन जा. तर तो म्हणाला हिचे तुम्ही ६,००० द्या. मामा हसायलाच लागले, पण त्याचं खरं होतं. लाकूड जळतं, लोखंड वितळतं, फायबरचं करायचं काय? परत वितळवून नवीन होत नाही, जाळलं तर काळा विषारी धूर, पुरलं तर तसंच राहतं. नेणार कुठे विचारलं तर सरळ उत्तर देईना, "ते आमचं आम्ही बघतो" म्हणाला, आणि ह्याचा अर्थ मला कळतो, कुठेतरी माळावर रात्रीची पेटवणार. मी नाही दिली. फ्रान्समध्ये २०१९ पासून अशी व्यवस्था आहे की नवीन बोट बनवणारे-विकणारे आधीच एक रक्कम भरतात आणि त्यातून लोकांच्या जुन्या पिकनिकच्या बोटी फुकट मोडून देतात, मालकाने फक्त केंद्रापर्यंत आणून द्यायची. जर्मनीत फायबरचा भुगा सिमेंटच्या भट्टीत घालतात. आपल्याकडे लाकडाच्या बोटी कमी होऊन किनाऱ्यावर सगळीकडे फायबर आलंय, ह्या सगळ्या होड्या वीस-पंचवीस वर्षांनी एकदम म्हाताऱ्या होणार, तेव्हा काय करणार ह्याचा विचार कुणी केलेला मला तरी दिसला नाही. आमची होडी शेवटी एका होमस्टेवाल्याने नेली, अंगणात ठेवून त्यात झाडं लावलीत. पण प्रत्येक होडीला अंगण मिळणार नाही.

काही लोक तिसरा रस्ता सुचवतात, दगड भरा आणि बाहेर नेऊन बुडवा. कृपा करून नको. आपलीच जाळी त्यात अडकून फाटतात, आणि एका जाळ्याची किंमत ज्याला माहीत आहे तो हे बोलणार नाही.

कागदपत्रं. ठेकेदाराच्या दृष्टीने बोट टेम्पोत गेली की विषय संपला. मालकाच्या दृष्टीने तिथून सुरू होतो. बोट मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंदवलेली असते, नंबर असतो, परवाना असतो, सोसायटीत सवलतीच्या डिझेलच्या यादीत नाव असतं, कर्ज घेतलेलं असेल तर त्याचा बोजा असतो. बोट गेली पण नंबर जिवंत राहिला तर तो नंबर दुसरं कुणी दुसऱ्या बोटीवर रंगवू शकतं, आणि मग समुद्रात काही झालं तर पोलीस कुणाच्या दारात येणार? २००८ ला कुबेर नावाच्या मच्छीमारी बोटीतून अतिरेकी मुंबईपर्यंत आले, तेव्हापासून किनाऱ्यावर बोटीच्या कागदाला किती महत्त्व आलंय ते इथल्या पोरासोरांना पण माहीत आहे. बेवारस बोटीचं पण तसंच, ऑगस्ट २०२२ मध्ये इथून जवळच हरिहरेश्वरला लेडी हान नावाची परदेशी बोट वाहत येऊन लागली, आत एके-४७ सापडल्या, अख्ख्या कोकणात अलर्ट. नंतर कळलं की ओमानजवळ बिघडून सोडून दिलेली बोट होती, घातपात वगैरे काही नाही. पण तोपर्यंत सगळ्यांची धावपळ झालीच.

म्हणून तोडायच्या आधी परवाना अधिकाऱ्यांना भेटा, नोंदणी रद्द करायला काय काय लागतं ते लिहून घ्या, कर्ज असेल तर ना हरकत आधी आणा, सागरी पोलिसांना एक साधा अर्ज देऊन पोच घ्या. आणि फोटो काढा. नंबर दिसेल असा पूर्ण बोटीचा, अर्धी तोडलेली असतानाचा, आणि रिकाम्या जागेचा. आमच्या ठेकेदाराने पावती म्हणून वहीचं पान फाडून दिलं, त्यावर बोटीचा नंबर पण लिहिला नव्हता, मी परत लिहून सही करून घेतलं तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या. "आजपर्यंत कुणी मागितलं नाय" म्हणे. नंबर रंगवलेली फळी आम्ही वेगळी काढून घेतली, ती भंगारात जाऊ दिली नाही, हे पण करा.

वेळेचं म्हणाल तर त्याने सांगितलं त्यापेक्षा जास्त लागला, मधे दोन दिवस टोळी गायबच होती, दुसरीकडे काम निघालं म्हणून. फोन उचलायचा मात्र, खोटं नाही बोलायचा, "उद्या येत नाय, परवा येतो" असं सरळ सांगायचा आणि परवा यायचा. आपल्याकडे हे पण खूप झालं.

दुसऱ्या कुणाला हे काम करायचं असेल तर थंडीच्या शेवटी किंवा मार्च-एप्रिलमध्ये करा. तेव्हा बाकीच्या बोटी धंद्याला बाहेर असतात, खाडी मोकळी असते, ओढायला जागा मिळते. मे च्या शेवटी फोन केलात तर सगळ्या बोटी आत आलेल्या असतात, जेसीबीवाले पावसाच्या आधीची कामं उरकत असतात आणि रेट वाढलेला. भाव ठरवताना तीन गोष्टी कागदावर घ्या: टाकी-ऑइल कोण काढणार, थर्माकोल आणि फायबर कुठे जाणार, जागा साफ कोण करणार. ह्याच ठेकेदाराला परत काम देईन का, तर लाकडी बोटीसाठी हो, डोळे मिटून नाही पण देईन. फायबरसाठी नाही. मामांच्या नोंदणी रद्दचा अर्ज दिलाय, पोच मिळालीय, डिझेलच्या यादीतून नाव काढायचं सोसायटीने पुढच्या मीटिंगला घेतलंय.